आखाड्यातले आढावपाळक

आढावपाळक प्रार्थना करताना देवाला पत्ता सांगायचे. चाळीचं नाव, मजला, खोली नंबर. पाळक म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. ते पहिल्यांदा आमच्या खोलीत आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. चिंचपोकळीतली आमची चाळ, तिसरा मजला. आईने पदर सारखा केला आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "पाळकसाहेब, आमच्यासाठी प्रार्थना करा."

"करतो. काय मागू?"

आई गोंधळली. आधीच्या पाळकांनी असं कधी विचारलं नव्हतं. "सुखशांती मागा."

"सुखशांती फार मोठी झाली, बाई. आज काय पाहिजे ते सांगा."

आईने जरा वेळ विचार केला. मग लाजत म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी चढत नाही. पहाटे खालून कळश्या भरून आणते आणि तशीच मिलमध्ये जाते. कंबर मोडून जाते."

आढावपाळकांनी डोळे मिटले. "हे आकाशातल्या बापा, ही तिसऱ्या मजल्यावरची बाविसावी खोली. जिन्यापासून डावीकडे. इथल्या नळाला पाणी नाही." एवढं बोलून आमेन म्हणाले. मला हसू आवरेना. पण त्यानंतर आठ-दहा दिवस ते रोज चाळमालकाचं भाडं वसूल करणाऱ्या भैयाकडे जाऊन बसत होते. शेवटी तो कंटाळला आणि त्याने वरचा पाइप बदलला. आईने आभार मानले तेव्हा म्हणाले, "मी काही केलं नाही. पत्ता सांगितल्यावर तिथं जाऊन बघायला नको?"

आमची मंडळी म्हणजे जेमतेम पंधरा घरं. सगळी नगरकडची. कुणी दुष्काळात आलेलं, कुणी शेत गेलं म्हणून. पुरुष बहुतेक बदली कामगार, म्हणजे मिलच्या दारात उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असेल तरच आत जायचं. चाळीतले कोकणातले शेजारी आढावपाळकांना 'फादर' म्हणत. "फादर कॅथलिकांचे. मी नुसता आढाव," असं ते प्रत्येकाला सांगायचे. तरी ते फादरच राहिले.

माझे बाबा, आनंदराव, मिलच्या साचेखात्यात, मागावर होते. माझी धाकटी बहीण रूथ तापाने गेली, त्यानंतर त्यांनी उपासना सोडली होती. पाळक घरी आले की ते उठून गॅलरीत जात. एकदा मात्र ते दारातून वळून म्हणाले, "पाळकसाहेब, माझी रूथ गेली तेव्हा पत्ता चुकला होता का?"

आईचा हात स्टोव्हवरच थांबला. आढावपाळकांची स्वतःची बायको बाळंतपणात गेली होती, हे आम्हाला ठाऊक होतं.

"मला माहीत नाही, आनंदराव," ते म्हणाले. "मीही रोज तेच विचारतो."

बाबांनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून पाळक आले की ते गॅलरीत जात, पण दार ओढून घेत नसत.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. लालबाग-परळला रोज सभा, रोज मोर्चे. मिल बंद पडत, पुन्हा सुरू होत. अश्रुधूर थेट आमच्या जिन्यापर्यंत यायचा. आई ओले फडके आमच्या डोळ्यांवर ठेवायची. बाबा पहिल्यापासून चळवळीत होते. ते पाळकांना चिडवायचे, "तुमचं देवाचं राज्य येईल तेव्हा येईल. आधी आमचं मराठी राज्य येऊ द्या."

"येऊ द्या की," आढावपाळक म्हणायचे. "कामाला माणसं दोन्हीकडे लागणार."

एका सत्याग्रहात बाबांना पकडलं. त्यांच्याबरोबर आमच्याच मजल्यावरचे सावंत आणि तळमजल्यावरचे कांबळेही होते. कांबळे नुकतेच बौद्ध झाले होते. पाळकांना पगार देणाऱ्या मिशनच्या कचेरीतून तोपर्यंत बजावणी आली होती की, मंडळीने राजकारणापासून लांब राहावं. त्या रविवारी आढावपाळक उपासनेला उभे राहिले आणि बंदीत असलेल्यांसाठी प्रार्थना करू लागले. "आनंदराव, तिसरा मजला, खोली बावीस. सावंत, तिसरा मजला, खोली सव्वीस. कांबळे, तळमजला, खोली चार. घरी बायको आहे, मुलं आहेत, चूल थंड आहे." सावंतकाकू हिंदू. त्या दाराबाहेर उभ्या होत्या. नवऱ्याचं नाव ऐकल्यावर त्या तिथेच खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या.

ही बातमी मंडळीतल्याच कुणीतरी कचेरीत पोचवली. मिशनच्या साहेबांनी आढावपाळकांना बोलावून माफी लिहून द्यायला सांगितलं. ते परत आले तेव्हा आईने विचारलं, "दिली?"

"नाही. काय लिहिणार? नावं घेतली ती चुकली, असं लिहू? माणसं तर खरोखरच आत आहेत."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तर तळमजल्यावरच्या आमच्या उपासनेच्या खोलीला मिशनचं कुलूप. पंधरांतली सहाच घरं आली होती. बाकीची भीतीने घरी बसली. पाळकांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं.

"मी घाबरलोय," ते सरळ म्हणाले. "आता कुठं बसायचं, मला सुचत नाही. तुम्हीच सांगा."

पाळक घाबरतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आईनेसुद्धा. पण ती घरी निघाली होती, ती थांबली.

चाळीमागे व्यायामशाळा होती. तिचे वस्ताद परब, मालवणकडचे, दंडावर गोंदलेलं, आवाज खणखणीत. सावंतकाकूंनी त्यांना बोलावून आणलं असावं. ते पुढे होऊन म्हणाले, "फादरानू, रस्त्यार कित्याक उभे? आखाडो रविवारी सकाळी मोकळोच आसता. थंय बसा."

आत गेलो तर तेलाचा आणि तांबड्या मातीचा वास. भिंतीला मुदगलं टेकवलेली. समोर कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. आमच्यातले दोघं-तिघं दारातच अडखळले. परबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि कोनाड्यावर टाकायला निघाले.

आढावपाळकांनी त्यांचा हात धरला. "नको, वस्ताद. पाहुणे आम्ही आहोत. पाहुणे आले म्हणून घरधन्याचं तोंड झाकायचं का?"

परब मोठ्याने हसले. आमच्यातलेही हसले आणि एकेक करून मातीत बसले. त्या दिवशी आम्ही पेटीशिवाय गायलो, कारण पेटी कुलपाच्या आत होती. आवाज बेसूर होता, पण चाळीच्या मागच्या खिडक्या उघडल्या गेल्या एवढं मला आठवतं.

मिशनने पाळकांचं काम काढून घेतलं. ते जवळच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला जाऊ लागले. बोटं काळी व्हायची. रविवारी घासूनही शाई निघायची नाही. तशाच हातांनी ते प्रभुभोजनाची भाकर मोडून द्यायचे. हळूहळू उरलेली घरंही आखाड्यात येऊ लागली. आधी बायका, मग पुरुष.

बाबा सुटले तो रविवारच होता. प्रवचन अर्ध्यावर आलं होतं. मी मागे पाहिलं तर बाबा दारात उभे. दाढी वाढलेली, काखेत कपड्यांचं गाठोडं. आई उठली, पण तिला पुढे जाववेना.

आढावपाळक बोलायचे थांबले. "आनंदराव, आत या."

"मी प्रार्थनेला आलो नाही," बाबा म्हणाले. "घराला कुलूप होतं, म्हणून आलो."

"बरोबर आलात. घरचे सगळे इथंच आहेत. आजचं प्रवचन इथंच संपलं."

बाबा आत आले आणि माझ्याशेजारी मातीत बसले. ते गायले नाहीत. डोळेही मिटले नाहीत. पण माझा हात त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पुढे कधी यायचे, कधी नाही. पाळकांनी एकदाही विचारलं नाही.

महाराष्ट्र झाला. मिशननेही काही काळाने खोली उघडली. पेटी परत मिळाली. आढावपाळकांना पुन्हा बोलावणं आलं तेव्हा ते म्हणाले, "पाळक राहीन, पण छापखानाही सोडणार नाही." तसे ते आणखी बरीच वर्षं राहिले.

शेवटी त्यांच्या घशाला गाठ आली. परळच्या इस्पितळात आम्ही भेटायला गेलो तेव्हा आवाज पुरता गेला होता. बाबा, परब वस्ताद, सावंतकाकू, सगळे खाटेभोवती उभे. पाळकांनी हात जोडून खूण केली, प्रार्थना करा. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. त्यांनी बोट उचलून आईकडे दाखवलं.

आईला अक्षरओळख नव्हती. चारचौघांत ती कधी बोललेली नव्हती. ती खाटेची कड धरून उभी राहिली. आम्हाला वाटलं, ती रडेल. पण ती खालच्या आवाजात म्हणाली, "देवा, मला बोलता येत नाही. हा माणूस आमच्याकडे आला आणि राहिला. तू याला एकटं सोडू नकोस." मग थोडं थांबून म्हणाली, "एवढंच."

सगळ्यात आधी आमेन म्हणाले ते बाबा. आढावपाळकांचे ओठ त्यानंतर हलले. दोन दिवसांनी ते गेले.

पुढे दर बुधवारी बायकांची प्रार्थनासभा आईने चालवली, ती कंबरेतून वाकेपर्यंत.