लाट थांबली का?

मेस्त्री बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत, ओठांकडे बघत. समोरच्याला वाटे, मिशीला काही लागलंय की काय, आणि तो उगाच तोंड पुसायचा. मी त्यांना लाजाळू समजत होतो.

कतारला, दोहा शहरात इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअरकीपर, ते सुतारांचे फोरमन. मूळचे वसईचे. टाकून दिलेल्या सागवानी चौकटींतून त्यांनी छोटा ऑर्गन बनवला होता: चोवीस लाकडी नळ्या आणि चामड्याचा भाता. गावाकडे भजनात मी पेटी वाजवायचो, म्हणून शुक्रवारी भाता मारायचा मान माझा. लहानपणी एका फादरनी त्यांना हाताने उतरवलेली वही दिली होती, मध्ययुगातल्या चालींची. "ज्या काळचं गाणं, त्या काळचेच सूर," हा त्यांचा हट्ट. हल्लीच्या वाद्यात प्रत्येक स्वराला थोडी मुरड घालतात. जुन्या पद्धतीत सा आणि प अगदी शुद्ध, पण गंधार जरा टोचतो.

दोन नळ्यांचे सूर नीट जुळलेले नसले, की त्या एकदम वाजवताना आवाज लाटेसारखा हलायचा. मग मेस्त्री नळीच्या टोकाचं बूच लाकडी हातोडीने हळूच ठोकायचे. लाट मंदावत जायची. "लाट थांबली का?" ते मला विचारायचे. मला वाटे, ते मला शिकवताहेत.

शहरातल्या अल नस्र भागात एका कुटुंबाच्या हॉलमध्ये वसई-मुंबईची मंडळी प्रार्थनेला जमत. तिथल्या एका अकाउंटंटने जपानी कीबोर्ड आणला होता. "अंकल, तुमचं आउट ऑफ ट्यून वाटतं. पोरं हसतात," तो म्हणाला. शेवटी ठरलं, नाताळच्या आधी, ऑक्टोबरातच, एकदा ऑर्गन ऐकायचा. आवडला तर ठेवायचा, नाहीतर कीबोर्ड. मेस्त्रींची अट एकच: एसी बंद. गारव्याने नळ्यांचे सूर उतरतात.

त्या दिवशी आम्ही सकाळपासून वर्कशॉपमध्ये नळ्या सुरात लावत होतो. शेवटची जोडी राहिली. माझा खांदा भरून आला होता, ऑर्गन न्यायची कंपनीची बस सुटायची होती. त्यांनी विचारलं. लाट अजून होती, अगदी बारीक. "थांबली," मी म्हणालो.

संध्याकाळी माणसं घामाने भिजून बसली होती. तरी सुरुवातीच्या ओळींना हॉल शांत झाला. एका वयस्क नर्सने डोळे मिटले. मग शेवटच्या लांब स्वरात तीच जोडी एकदम आली आणि आवाज शेळीसारखा थरथरला. पोरं खिदळली. मेस्त्री निवांत वाजवत राहिले. मान वर केली, लोकांचे चेहरे पाहिले आणि हात उचलले. तेव्हा मला कळलं, त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं. पंचवीस वर्षं करवतीच्या मशीनपाशी उभं राहून कान गेले होते.

बाहेर आल्यावर ते रागावले नाहीत. "मला ऐकू येत नाही रे. म्हणून तर तुला विचारत होतो." मला लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

पुढच्या शुक्रवारपासून कीबोर्ड आला. वर्षभरात मेस्त्रींनी राजीनामा दिला. निघायच्या आदल्या दिवशी ते स्टोअरमध्ये आले, तिथे पडून असलेल्या ऑर्गनवरची चादर काढली आणि म्हणाले, "भाता मार." ऐकायला कोणीच नव्हतं. तीच जोडी त्यांनी वाजवली आणि माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "लाट थांबली का?"

"नाही, मेस्त्री. अजून आहे."

त्यांनी मान हलवली आणि हातोडी उचलली.