पाळण्याची दोरी

लग्नानंतर वेंगुर्ल्याहून निघाले तेव्हा बाजाची पेटी एसटीच्या टपावर टाकायला मी साफ नकार दिला. मुंबईपर्यंत ती आळीपाळीने माझ्या आणि नवऱ्याच्या मांडीवर होती. स्टँडवर आई एवढंच म्हणाली, "हात चालू ठेव, गाणा आपसूक येता." घरकामात आळस करू नको, असा मी अर्थ घेतला.

मरोळला दोन खोल्या, नवरा वर्कशॉपमध्ये. वर्षाच्या आत मी गाण्याच्या शिकवण्या सुरू केल्या. तेव्हा, ऐंशीच्या दशकात, इथल्या आयांना सर्टिफिकेट हवं असायचं आणि मलाही ते सोयीचं होतं. परीक्षेला लागतील तेवढे राग घोटून घ्यायचे. आईची गाणी भात पाखडतानाची. ती क्लासमध्ये आणायची असतात, हे मनातही आलं नाही.

माझ्या क्लासमधली वैशाली दहा वर्षांची, परीक्षेत फर्स्ट क्लास न सोडणारी. शेजारच्या शिंद्यांकडे बारसं होतं, तिथे बायकांनी तिला पाळणा म्हणायला सांगितलं. तिने मांडी घातली, हात जोडले आणि सुरू केलं, "राग भूप. ठाट कल्याण. वादी गंधार, संवादी धैवत." मग परीक्षेचा छोटा ख्याल, तानांसकट. बाळाने भोकाड पसरलं. बाळाची साताऱ्याकडची आजी म्हणाली, "पोरी, बाळाची परीक्षा हाय व्हय?"

सगळ्या हसल्या. वैशालीही हसली, पण त्यानंतर क्लासबाहेर तोंड उघडेना. तिची आई म्हणाली, "बाई, बंदच करू या का? घरी साधं गुणगुणतसुद्धा नाही हो."

कणीक मळताना मला आईचं वाक्य आठवलं. बुधवारी वैशालीला वही उघडू दिली नाही, शिंद्यांकडे पिटाळलं.

"पाळण्याची दोरी ओढ. आजी म्हणतील ते त्यांच्याबरोबर म्हण. बाळ झोपल्याशिवाय परत यायचं नाही."

"लिहून घेऊ?"

"हातात दोरी असेल. लिहिशील कशी?"

दोन-तीन बुधवार असेच गेले. मग एकदा ती धावत आली आणि पेटीवर चाल शोधायला बसली.

"बाई, ह्यात दोन्ही निषाद लागतात. चालतं का?"

"बाळ झोपलं?"

"झोपलं."

"मग चालतं."

पुढच्या बारशाला तिने आधी दोरी मागून घेतली, मग गायली. ठाटाचं नाव नाही. तेव्हापासून माझ्या क्लासचा बुधवार परीक्षेबाहेरचा झाला. वर्सोव्याहून येणाऱ्या मासळीवालीने हळदीचं गाणं दिलं, ते मुलींनी तिची पाटी उचलू लागता लागता उचललं. परीक्षा चालूच होत्या. वैशालीचा फर्स्ट क्लासही सुटला नाही.

मे महिन्यात गावी गेले. आई खळ्यात तांदूळ पाखडत बसली होती. शेजारी बसून मी खडे वेचता वेचता तो पाळणा म्हणू लागले. दुसऱ्या कडव्याला आईच्या सुपाने ताल धरला.

"ह्या गाणा खंयचा गो?"

"आमच्याकडचं," मी म्हणाले.

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. सूप काही थांबलं नाही.