व्हय म्हाराजा, हैदराबाद

मी आयुष्यात देवाकडे कधीही काही मागितलेलं नाही. मागण्याचं काम घरातल्या बायकांनी केलं. मी फक्त प्रसादाचं खोबरं खाल्लं. असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकीच मी एक... तेव्हा तुम्ही हसलात तर तक्रार नाही.

आम्ही मालवणचे. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाची, बाबलची, होडी उलटली. तो वाचला, जोडीदार बुडाला. तेव्हापासून बाबल जेवेना, बोलेना. त्याची बायको सुलभा त्याला विहिरीपर्यंतही एकटं सोडत नसे. एका सकाळी तो निसटला. नंतर फोन आला — "विमानतळार आसंय. पयला गावात त्या इमानान जातंय. माका शोधू नकात." पहिलं मिळेल त्या विमानाने, एवढंच सांगितलं. मग फोन बंद.

गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुलीचा नाका ओलांडून मी आणि सुलभा गोव्यातल्या जवळच्या विमानतळावर पोचलो. तोवर दोन विमानं सुटली होती, एक दिल्लीचं, एक हैदराबादचं. प्रवाशांची नावं सांगता येत नाहीत, हे अधिकाऱ्याने अत्यंत नम्रपणे दोनदा सांगितलं. पोलिस म्हणाले, माणूस सज्ञान आहे, वाट बघा. तिकिटाशिवाय आत सोडेनात, आणि तिकीट काढावं तर खिडकीतली मुलगी विचारते, "सर, कुठे जायचंय?"

"तेच कळत नाहीये."

तिने मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

"भावजींनू, गाऱ्हाणा घाला," सुलभा म्हणाली. "घरात मोठे तुम्ही."

"हय? लोक बघतत गो."

"बघूं देत. तुमका दुसरा काय सुचता?"

दुसरं काही सुचत नव्हतं. गाऱ्हाणं म्हणजे मोठ्याने देवाला सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. इथे जमलेली सुलभा एकटीच. विमानांच्या फलकासमोर मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आमचो बाबल हयसून खंय गेलो, आमका कळणा नाय..."

"व्हय म्हाराजा."

"तो दिल्लीक गेलो आसात तर थंय त्येका सांभाळ..."

"व्हय म्हाराजा."

"हैदराबादेक गेलो आसात तर..."

"व्हय म्हाराजा."

या वेळी आवाज दोन होते. दुसरा पुरुषाचा, घोगरा, 'म्हाराजा'तला 'रा' लांबवणारा. देवळात माझ्या शेजारी उभा राहून बाबल तसाच लांबवतो. मी वळलो. मागे रिकाम्या ट्रॉल्यांची रांग होती.

 सुलभा खिडकीशी पोचलीही होती. "हैदराबाद. दोन."

हैदराबादला बाहेर पडताच एका खांबाला टेकून बाबल खाली बसलेला दिसला. पायांत घरातल्या चपला. सुलभा शेजारी फरशीवर बसली आणि त्याचं मनगट धरलं. कितीतरी वेळ सोडलं नाही.

तो मान वर न करता म्हणाला, "कितींदा बोलवशात? मगाशी ओ दिलंय मगे."

थकवा, भास, गर्दीतला कुणी मालवणी माणूस... सगळं स्वतःला समजावून बघितलं. शेवटचं तर मुळीच पटत नाही. मालवणी माणूस नुसती ओ देऊन जात नाही, पुढची चौकशी करतो. 

परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून आम्ही बसने आलो. बाबलला खिडकी हवी होती. दिली नाही.