तिरक्या कपाटाची खोली

घरात तिला फुटपट्टी म्हणायचे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि बाबा रागावले की त्यांच्या तोंडी यायचं, एवढंच. भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर कललं तरी हिला घास गोड लागत नसे. जेवता जेवता उठून ते सरळ करायची, मग दोन पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून बघायची. कुणाकडे जायचं असलं की आई दारातच दम द्यायची, "तिथे कशाला हात लावायचा नाही." हिने हात लावला नाही तरी मनातल्या मनात त्या लोकांचा सोफा खिडकीखाली जायचा, टीव्ही कोपऱ्यात सरकायचा आणि पडदे कधीच बदललेले असायचे.

त्यामुळे बारावीनंतर तिने इंटिरियर डिझाइन शिकायचं ठरवलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. बाबांनी फक्त खात्री करून घेतली. "म्हणजे लोकांच्या घरातलं सामान हलवायचं आणि लोकांनी आपल्याला ओरडायचं नाही, असंच ना?"

"असंच," ती म्हणाली.

रंगांचं वेड मात्र तिला कॉलेजात लागलं नव्हतं. ते आत्याकडून आलं होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाच्या घरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायची आणि तिथेच शिवणकाम करायची. नवे कपडे कमी, जुने बेतून देण्याचं काम जास्त. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं, कुणा वजन वाढलेल्याची लाज राखायची. फुटपट्टी लहान असताना दुपारभर आत्याच्या पायाशी बसून चिंध्या लावत असायची. निळ्याशेजारी हिरवा, हिरव्याशेजारी मातकट. आत्या वरून बघून म्हणायची, "हा मधला उचल. भांडतोय तो दोघांशी." आणि खरंच तो तुकडा उचलला की बाकीचे शांत व्हायचे.

कॉलेजात पहिली दोन वर्षं तिची चांगली गेली. कागदावरची हॉटेलं, कागदावरची कॉफीची दुकानं, पुठ्ठ्याच्या भिंती, काड्यापेटीच्या काड्यांचे जिने. पलंगाच्या वर तिने एक मोठा बोर्ड लावला होता. त्यावर मासिकांतली कात्रणं, जाळी झालेलं एक पान, जिन्यातल्या गजांच्या सावलीचा फोटो, कुठल्याशा दुकानाबाहेर पडलेला दोरीचा तुकडा. मनात भरलं की आणून टोचायचं. आईच्या मते तो कचरा होता, पण भिंतीवर होता म्हणून झाडता येत नव्हता.

त्यांना शिकवणाऱ्या मॅडम कडक. चष्मा नेहमी डोक्यावर, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी कौतुक वाटावं आणि घरी गेल्यावर कळावं. फुटपट्टीच्या कॉफीच्या दुकानाची प्रतिकृती त्यांनी सगळ्या बाजूंनी पाहिली. "सुंदर आहे. इथे माणूस कुठे बसतो?"

तिने खुर्चीकडे बोट दाखवलं.

"खुर्ची दिसली मला. मी माणूस विचारतेय."

वर्गात हसू फुटलं. तीही हसली, पण ते वाक्य कुसळासारखं तिच्या अंगात राहिलं.

तिसऱ्या वर्षी मॅडमनी काम दिलं ते कागदावरचं नव्हतं. एक खरी खोली, ती वापरणारा एक खरा माणूस. खोली प्रत्यक्षात बदलायची आणि मग त्या माणसाला तिथे नांदू द्यायचं. उत्तम कामं वार्षिक प्रदर्शनात लागणार होती, आणि त्या प्रदर्शनाला डिझाइनच्या ऑफिसांतली माणसं येत, नवी मुलं हेरायला. फुटपट्टीला विचार करावाच लागला नाही. आत्याची खोली लहानपणापासून तिच्या डोळ्यांत खुपत होती.

त्या खोलीत काहीच सरळ नव्हतं. शिलाई मशीन खोलीच्या मधोमध, तेही वाकडं, येणाऱ्याच्या वाटेत. आत्या भिंतीला पाठ लावून बसायची. समोर आरशाचं जुनं कपाट, कोपऱ्यात तिरकं उभं केलेलं, मागे मांजर राहील एवढी जागा वाया. जमीन लाकडी फळ्यांची, आणि दारातली फळी इतकी सैल की पाय पडला की खाली दबून वर यायची. खिडकी चांगली मोठी होती, पण तिचा उजेड मशीनवर यायचा तो वळसा घालून.

"आत्या, तुला काय काय हवंय सांग ना," फुटपट्टीने तिच्या समोर बसून विचारलं. आत्याला कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. उजवा कान गेलेला, डाव्याने भागतं, असं ती स्वतःच सांगायची. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते लावलं की मशीनचा आवाज ट्रकसारखा येतो म्हणून ते डबीत पडून होतं. तिचं अडत मात्र काही नसे. जिन्यात कुणी आलं की ही वरूनच म्हणायची, "या, तुमचा कोट झालाय." बाबा कौतुकाने सांगायचे, "ताईचे कान गेले म्हणतात, पण पावलावरून माणूस ओळखते."

"तुला आवडेल तसं कर," आत्या म्हणाली. "तुझ्या हाताला काम मिळतंय, माझ्या खोलीला रंग."

मग काय, फुटपट्टीने खोली डोक्यावर घेतली. ओळखीच्या सुतारकाकांना बोलावून दारातली फळी पक्की ठोकून घेतली, वर जाड मऊ चटई अंथरली. कपाट आईच्या खोलीत गेलं. त्याच्या जागी भिंतीलगत फळ्या, त्यावर रिळं, फिकटापासून गडदापर्यंत, ओळीने. मशीन खिडकीशी, तोंड बाहेर, म्हणजे सुईवर सरळ उजेड. भिंतींना जुन्या मलमलीसारखा रंग. काम संपलं तेव्हा सुतारकाका दारात उभे राहून म्हणाले, "इथे आता मलाच काहीतरी शिवावंसं वाटतंय."

आत्या हळूच आत आली, मशीनवरून हात फिरवला. "छान झालंय गं. केवढा उजेड." फुटपट्टीने फोटो काढले. मॅडमनी ते पाहून चष्मा डोळ्यांवर घेतला, म्हणजे मोठीच गोष्ट. प्रदर्शनासाठी काम निवडलं गेलं.

त्यानंतर घरात काहीतरी बिनसलं, पण कुणाच्या चटकन लक्षात आलं नाही. आत्या टाके घालायचं काम घेऊन खाली स्वयंपाकघरात बसायला लागली. आई म्हणाली, "ताई, वर एवढी नवी खोली असताना इथे फोडणीच्या धुरात कशाला?" आत्या म्हणाली, "सोबत बरी वाटते." एक बाई कपडे न्यायला आल्या, बराच वेळ हाका मारून परत गेल्या, आणि बाहेर कुणाला तरी म्हणाल्या की त्या शिवणाऱ्या बाई हल्ली शिष्ट झाल्यात. बाबांनी ते ऐकलं आणि विनोद म्हणून जेवताना सांगितलं. आत्या सगळ्यांबरोबर हसली, जरा उशिरा.

एका दुपारी फुटपट्टी वर गेली. आत्या खिडकीकडे तोंड करून मशीनवर होती. हिने दोनदा हाक मारली, उत्तर नाही. कामात असेल म्हणून जवळ गेली आणि खांद्यावर हात ठेवला.

आत्या अशी दचकली की खुर्चीच मागे सरकली. हात सुईखाली गेला. मशीन थांबलं तेव्हा सुई बोटाच्या शेंड्यातून आरपार गेली होती.

फुटपट्टीने चाकाकडे हात नेला. पण आत्यानेच दुसऱ्या हाताने चाक उलटं फिरवून सुई वर घेतली, बोट चिंधीत धरलं आणि पुटपुटली, "काही नाही, काही नाही." रक्तापेक्षा तिचा चेहरा बघवत नव्हता. कुणी चोरी करताना पकडावं तसा झाला होता.

बोट धुऊन, पट्टी बांधून झाल्यावर दोघी पलंगावर बसल्या. फुटपट्टी म्हणाली, "मी दोनदा हाक मारली."

आत्या तिच्या ओठांकडे बघत होती. कानाकडे हात नाही, मान कललेली नाही, नुसती नजर ओठांवर खिळलेली. फुटपट्टीला एकदम काहीतरी उमगलं. तिने हात तोंडावर धरला आणि त्याच आवाजात विचारलं, "आत्या, डाव्या कानाने ऐकू येतं ना?"

आत्या वाट बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हात काढ बाई. काय म्हणालीस?"

फुटपट्टीने हात काढून तेच परत विचारलं.

"तोही गेला. बरीच वर्षं झाली त्याला," आत्या म्हणाली. "आधी बारीक आवाज गेले, मग सगळेच. पण माझं चाललं होतं. दारातली फळी दबली की मशीनच्या पायाशी थरथर यायची, तळव्यांना कळायचं कुणीतरी आलंय. मान वर केली की आरशात जिना दिसायचा. अर्ध्यावर असतानाच माणूस ओळखू यायचा. भिंतीला पाठ, म्हणजे मागून कुणी यायची भीती नाही. आता कुणी आलं की एकदम भूत उभं राहिल्यासारखं होतं. आणि समोर खिडकीशी येऊन उभे राहिले की उजेड त्यांच्या पाठीमागे, तोंडं काळी दिसतात, ओठ कळत नाहीत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"एवढ्या हौसेने केलंस. आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं." ती पट्टीशी चाळा करत राहिली. "तुझा बाप हळवा आहे. कळलं असतं तर म्हणाला असता, ताई, पुरे झालं आता काम, बस निवांत. निवांत बसून काय करू मी?"

फुटपट्टीला त्या बोर्डावरची कात्रणं आठवली, दोरीचा तुकडा आठवला. जिन्यातल्या सावलीचा फोटो काढायला ती तासभर पायरीवर बसली होती. या खोलीत मात्र आत्याच्या खुर्चीवर ती एकदाही बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कपाट वर आलं. बाबांना सांगितलं की प्रोजेक्टमध्ये बदल आहे. त्यांना ते लगेच पटलं, कारण या घरात सामान हलायला कधी कारण लागलंच नव्हतं. या वेळी फुटपट्टी स्वतः आत्याच्या खुर्चीवर बसली, आणि आत्या जिन्यातून वरखाली करत राहिली. आरसा इकडे, जरा अजून, हां. मशीन दाराकडे वळलं, खिडकी डावीकडे आली, म्हणजे सुईवरही उजेड आणि येणाऱ्याच्या तोंडावरही. चटई गेली. सुतारकाकांनी पक्की केलेली फळी परत सैल करून मागितली तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू शिकून मुलीचं डोकं फिरलं. रिळांच्या फळ्या तेवढ्या राहिल्या, फक्त दुसऱ्या भिंतीवर गेल्या. त्या आत्याला खरोखर आवडल्या होत्या.

मग ती मॅडमकडे गेली. "ते फोटो प्रदर्शनात लावू नका. ती खोली आता तशी नाही. तशी चालली नाही."

"का नाही चालली? तेच लिही. अपयशाचं कारण लिहिलंस तर काम आणखी चांगलं होईल."

"कारण माझं नाही, मॅडम. ज्यांचं आहे त्यांनी सांगायला परवानगी दिलेली नाही."

मॅडम चिडल्या. कारणाशिवाय काम मागे घेणाऱ्याला कोण उभं करणार, असं बरंच बोलल्या. फुटपट्टी खाली मान घालून ऐकत राहिली, पण तोंड उघडलं नाही. प्रदर्शनात तिच्या जागी दुसऱ्या मुलाची जिम लागली. गुण पडले ते जेमतेम. मैत्रिणींना ऑफिसांतून बोलावणी आली, हिला आलं नाही. वाईट वाटायचं ते वाटलंच. रात्री उशीत तोंड खुपसून रडली, सकाळी डोळे सुजले म्हणून आईला सर्दी सांगितली.

भाचीने काय केलं ते आत्याला कळायला थोडे दिवस लागले.  कळल्यावरच्या पहिल्या रविवारी सगळे जेवायला बसले असताना, बाबा वाढून घेता घेता पाठमोरेच काहीतरी सांगत होते, तेव्हा आत्याने टेबलावर थाप मारली. बाबा वळले.

"माझ्याकडे तोंड करून बोलत जा," आत्या म्हणाली. "मला अजिबात ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. आणि काम मी सोडणार नाहीये, ते आत्ताच सांगते."

आई थिजली. बाबांच्या हातातला डाव तसाच राहिला. ते खुर्चीवर बसले, काहीतरी बोलले. आत्याने कपाळाला आठ्या घातल्या. ते परत बोलले.

"त्या मिशांमुळे काही कळत नाही रे," ती म्हणाली.

फुटपट्टीला हसू आवरेना, आणि मग आईलाही. बाबांच्या मिशा म्हणजे तरुणपणापासूनचा थाट, खालचा ओठही झाकतील अशा. ते तसेच उठून न्हाणीघरात गेले. बाहेर आले तेव्हा वरचा ओठ कोरा होता, लहान मुलासारखा. ते आत्याच्या समोर बसले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "ताई, काम कोण सोडायला सांगतंय?"

आत्याने मान हलवली आणि भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

फुटपट्टी आता एका लहानशा ऑफिसात आहे. मोठी हॉटेलं तिच्या वाट्याला येत नाहीत. दवाखान्याचा बाहेरचा कक्ष, कुणा म्हाताऱ्या जोडप्याचं स्वयंपाकघर, अशी कामं येतात. ती गेली की आधी विचारते, "तुम्ही रोज कुठे बसता?" आणि त्या जागेवर जाऊन गप्प बसते, समोरच्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत. ऑफिसचा मालक एकदा म्हणाला, "तू मोजमापं घ्यायला गेलीस की पाहुणचाराला?" तिने टेप काढून दाखवली आणि म्हणाली, "मापंही घेते, पण नंतर."