पाथरीचं मूळ

आमच्या बॉटनीच्या सरांनी उभ्या जन्मात एक तरी झाड मातीत उभं पाहिलं होतं का, याची मला अजून शंका आहे. साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. मी कर्जतहून गाडीनं कॉलेजात जायचे. सरांनी फर्मान काढलं, सूर्यफुलाच्या कुळातली एक देशी, बहुवर्षायू रानवनस्पती ओळखून, दाबून, वाळवून आणा. अर्ध्या वर्गानं एकदांडी आणली. ती रुळांच्या कडेला हवी तेवढी मिळते आणि मुळात परदेशी. सरांनी ती देशी म्हणून खुशाल पास केली. पुस्तक उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

मी पाथरी न्यायची ठरवली. आमच्या विहिरीच्या पाटाकडेला तिचे चार ठोंब होते. जमिनीला चिकटलेली पानं, तोडली की पांढरा चीक, आणि सकाळी उघडणारी पिवळी फुलं. शेजारणी तिला गवतच समजायच्या. आई मात्र घाटावरची, तिला ही भाजी माहेरापासून ठाऊक. त्या हिवाळ्यात ताई बाळंतपणाला आली होती आणि तिला दूध पुरत नव्हतं. महिन्याचं पोर रडून रडून निळं पडायचं. आई एक दिवसाआड ताईला पाथरीची भाजी करून घालायची. पंधरा दिवसांत दूध वाढलं. भाजीनं वाढलं की कशानं, ते मला सांगता येणार नाही. पण पोर पोटभर पिऊन झोपायला लागलं होतं, आणि त्याच्यामागं आम्हीही.

आईचा एक नियम होता. पाथरी विळ्यानं वरच्यावर कापायची, उपटायची नाही.

"वरचं आपलं, खालचं तिचं," ती म्हणायची. "चार वर्सं झाली, त्याच मुळावर फुटते ती."

म्हणून मीही मुळाशिवायच नेली, दाबण्याआधी सरांना दाखवायला, ओल्या फडक्यात गुंडाळून. कॉलेजात पोचेपर्यंत दुपार झाली आणि फुलं मिटली. ती दुपारी मिटतातच. सरांना हे माहीत नव्हतं.

"ह्या तर कळ्या आहेत," ते नाक वर करून म्हणाले. "आणि मूळ कुठाय? हे बाहेरून आलेलं तण आहे, वर्षभरात मरणारं. बहुवर्षायू कशावरून?"

"आई म्हणते, सर."

वर्ग खिदळला. "मग प्रॅक्टिकलला आईलाच पाठव," सर म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. असल्या माणसाकडून शाबासकी मिळावी म्हणून मी जीव टाकत होते, याची आज मला किळस येते.

माझं डोकं फिरलं. या दीडशहाण्याला मूळ दाखवायचंच. रविवारी आई बाजाराला गेल्यावर मी पहार घेतली. पहिलं मूळ मधेच तुटलं. अर्धं मूळ सरांनी नाकारलं असतं. दुसरं तुटलं, तिसरंही. तुकडे जोडून दाखवता येतील म्हणून तेही खोलवर खणून काढले. चौथं अख्खं निघालं, हातभर लांब, वर जुन्या पानांच्या खुणा. मला त्या वेळी ताई आठवली नाही असं नाही. आठवली होती. मी पहार खाली ठेवली नाही, एवढंच.

सरांनी ते मूळ उलटंसुलटं पाहिलं, पुस्तक काढलं, आणि आपणच शोध लावल्याच्या थाटात वर्गाला सांगितलं की ही पाथरी, अस्सल देशी, बहुवर्षायू. नमुन्यावरच्या चिठ्ठीवर 'ओळखणारा' म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं. मला पैकीच्या पैकी मार्क दिले. मीही बावळटासारखी हसले.

आईनं बाजारातून आल्यावर चारही खड्डे पाहिले होते. विळा धुतला आणि खुंटीला अडकवला. आठवड्याभरात ताईचं दूध पुन्हा कमी झालं आणि घरात पावडरीचा डबा आला.

मार्क कळले त्या संध्याकाळी आई पोरासाठी ते दूध ढवळत बसली होती.

"सरांना पटलं का गं?"

"पटलं."

"काय पटलं?"

"ती दरवर्षी त्याच मुळावर फुटते, हे."

आई ढवळायची थांबली नाही.

"फुटायची," ती म्हणाली.