दुसरी पिशवी

त्या सोमवारी सकाळी खांदेश्वरला घराजवळच्या शंकरासमोर उभी राहिले, तेव्हा मी पुरती हरले होते. रक्तसंक्रमण आणि अवयव प्रत्यारोपण यांवरच्या संशोधनात माझी बावीस वर्षं गेली. दिवसाची यादी केल्याशिवाय मी चहाही घेत नाही. देवाकडेसुद्धा क्रमवार मागते. त्या दिवशी मात्र यादीतली सगळी नावं खोडून झाली होती.

खारघरच्या शाळेत शिकवणाऱ्या एका तरुण मुलीला बुधवारी तिच्या आईचं मूत्रपिंड बसवायचं होतं. मुलीचा रक्तगट बॉम्बे, फार विरळा. त्याला ओ गटाचं रक्तही चालत नाही, आणि आई ओ गटाची. म्हणजे तिचं मूत्रपिंडही मुलीच्या शरीराने झिडकारलंच असतं. झिडकारणारी प्रतिपिंडं रक्तातून गाळून काढायची पद्धत आम्ही वर्षानुवर्षं खपून बसवली होती आणि या मुलीला ती लागू पडली होती. पण प्रतिपिंडं थोड्याच दिवसांत पुन्हा वाढतात. बुधवार हुकला तर सगळं पहिल्यापासून, आणि तेवढं सोसायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. सर्जनची अट एकच: बॉम्बे गटाच्या दोन पिशव्या तयार हव्यात. एक मिळाली होती. दुसरीसाठी सगळ्या नोंदलेल्या रक्तदात्यांना फोन केले. एक दुबईत, एकाला डेंग्यू, एकीने गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. बाकीचे नंबर लागेनात.

"माझ्याकडून संपलं, आता तू बघ," असं मी देवाला म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच. लाज वाटली आणि हलकंही वाटलं.

तिथून कामावर पोहोचले तर प्रयोगशाळेच्या दारात एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. जासईचे, ट्रेलर चालवणारे. हातात आमचंच जुनं पत्र, घामाने मऊ पडलेलं. गावच्या रक्ततपासणी शिबिरातला त्यांचा नमुना ओ गटाशी जुळेना, म्हणून आम्ही फेरतपासणीला बोलावलं होतं. ते आले नाहीत, आणि नमुना खराब झाला असेल असं धरून मीही विषय सोडला. ती माझी चूक.

"बाय, माजे रगतान काय खोट हाय काय?" त्यांनी थेट विचारलं. "बायको बोलली, आज कंटेनर यार्ड बंद हाय, जा नी इचारून ये, नायतं घरान येव नको."

"बसा दादा, आत्ताच बघू."

"बघा. पन सुई हलू टोचा. ट्रेलरला भीत नाय, सुईला भिताव."

नळ्या मी स्वतः मांडल्या. ओ गटाच्या पेशींवर त्यांच्या रक्तातला द्रव टाकला आणि लगेच गुठळ्या धरल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पुढच्या चाचणीनेही शिक्कामोर्तब केलं: बॉम्बे.

"मॅडम, रडताय?" सहकारी म्हणाली.

"रडत नाही. रक्तदानाचा फॉर्म आण."

त्यांना सगळं समजावलं तर ते मोठ्याने हसले. "म्हंजे माजं रगत लाखान एक? थांबा, बायकोला फोन करताव. ती तं बोलते, माजे अंगान डिझेल हाय!" सुई टोचताना डोळे गच्च मिटले, पण हात हलवला नाही.

मंगळवारी बाकीच्या चाचण्या निर्दोष आल्या. बुधवारी शस्त्रक्रियेत रक्तस्राव झाला. पहिली पिशवी संपली आणि दुसरीही लावावी लागली. मी बाहेर बसून होते. शेवटी सर्जन दार ढकलूनच आले. "मॅडम, टेबलावरच नव्या मूत्रपिंडातून लघवी सुरू झाली! धार लागली, धार!" आम्ही दोघं जाणती माणसं त्या बातमीवर पोरांसारखी टाळ्या देत होतो.

ते गृहस्थ नेमके त्या सोमवारीच का आले, याचा शोध मी घेणार नाही. नळ्या मांडणं माझं काम. ते मी पूर्वीइतकंच कसून करते. फक्त आता काम झालं की हात जोडते आणि पुढचं त्याच्यावर सोडते. पूर्वी हे जमत नव्हतं.

आठवड्याने मुलीला भेटायला गेले. डायलिसिसमुळे दोन वर्षं ती पाणी घोटाघोटाने मोजून प्यायची. आता डॉक्टरांनी भरपूर प्यायला सांगितलं होतं. तिने भरलेला ग्लास तोंडाला लावला, एका दमात रिकामा केला आणि आईपुढे धरला.

"अजून दे."