नसरीनचा पहारा चुकला नव्हता

अकोल्याहून नसरीनच्या भावाचा फोन आला, "दीदी, आपा चली गई…" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अरे, तिचं काम अर्धं राहिलं आहे!" नंतर माझी मलाच लाज वाटली. पण नसरीन असती तर खदखदून हसली असती.

अमरावतीच्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघी कर्नलमधल्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीतल्या, चुका शोधायचो. तिच्यापुढची शेवटची चूक भारी चिवट होती. मेमरीतला एक आकडा आपोआप बदलायचा आणि यंत्र कोसळायचं. तिनं त्या जागेवर वॉचपॉइंट लावला, म्हणजे पहाराच. प्रोसेसरनं तिथं काही लिहिलं की यंत्र जागीच थांबतं. आकडा बदलला, पहारा मात्र गप्प! साहेब चौघांसमोर म्हणाले, "मॅडम, यंत्र नव्यानं सुरू झालं की कर्नलचे मेमरीतले पत्ते बदलतात. तुम्ही जुनाच पत्ता टाकला. आजारपणात होतं असं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नसरीन शांत. पहारा बसवला की आधी आपणच त्या जागी लिहून पाहायचं, ही तिची रीत. "सर, म्या आधी सोताच चोरी करून पाह्यली. पहाऱ्यानं मले पकडलं. मंग खऱ्या चोराले काहून नाई पकडत? तो प्रोसेसरच्या वाटेनं येतच नाई!" तिचा संशय नेटवर्क कार्डावर होता. असं कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहू शकतं. साहेबांनी हात झटकले. पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात गेली, आणि मग…

ती जाऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच साहेबांचा हुकूम: त्या चुकीची नोंद बंद करा, कारण लिहा, नसरीन मॅडमची चूक. मी म्हटलं, "नाही करत." काय करतील, काढतील ना? काढा! मी तिच्याच टेबलाशी बसले. कार्ड काढलं, तर आकडा दिवसभर जागचा हलला नाही. कार्ड परत बसवून त्याला ठरल्या जागेबाहेर लिहायला बंदी केली, तर तासाभरात पडद्यावर कार्डाच्याच नावानं तक्रार. कर्नलनं परत घेतलेली मेमरीतली जागा ते अजून आपलीच समजत होतं.

मी दुरुस्ती लिहिली. दुरुस्तीसोबत चूक शोधणाऱ्याचं नाव जातं. साहेब म्हणाले, "टीम लिहा. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"मले पडते," मी म्हटलं. त्यांच्यासमोर तिचं पूर्ण नाव लिहिलं, आणि मंजुरीचं बटण त्यांनाच दाबायला लावलं.